दहावीला लेखनिक मिळाला, ऑफिसात काय?

‘तारे जमीं पर’ डिसेंबर २००७मध्ये आला, तेव्हा त्यातला डिस्लेक्सिया असलेला ईशान अवस्थी आठ-नऊ वर्षांचा होता. तो खरा असता तर आज पंचविशी ओलांडून हिंजवडीत, ठाण्यात नाहीतर अंधेरीत कुठल्यातरी ऑफिसात बसला असता. रोज ढिगानं मेल येत असते, मीटिंगचं टिपण लिहायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं असतं आणि ‘पाठवायच्या आधी एकदा स्पेलिंग तपासायला काय जातं रे तुझं?’ असं टीम लीडर चारचौघांत म्हणाला असता. हाच टीम लीडर शाळेत असताना तो चित्रपट बघून हमसून रडला असेल, हेही अगदी शक्य आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही, निदान शाळेपुरता तरी. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला इथे नव्वदच्या दशकातच सुरुवात झाली. १९९६मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांत मुलांची तपासणी होऊन प्रमाणपत्रं मिळू लागली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एका भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित, अशा त्या सवलती. नाकं मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण एरवी आठवीतच शाळा सुटली असती अशी कितीतरी मुलं त्यांच्या आधारानं पदवीपर्यंत पोचली.

आणि मग? शेवटच्या पेपरला लेखनिक उठून गेला की सोय संपली. मेंदूची घडण मात्र निकालाच्या दिवशी बदलत नाही. त्या पहिल्या तुकड्यांमधली मुलं आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. ती बँकांत आहेत, आयटीत आहेत, शाळांत शिकवतात, औषधं विकतात. बहुतेकांनी ते प्रमाणपत्र कपाटात खाली, जुन्या गुणपत्रिकांच्या मागे ठेवून दिलं आहे.

न्यूरोडायव्हर्जंट ही मेंदूच्या अशा अनेक वेगळ्या घडणींना मिळून वापरली जाणारी संज्ञा. तिच्यात स्वमग्नता म्हणजे ऑटिझम येतो, एडीएचडी येतो, डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया, डिस्प्रॅक्सिया, टुरेट सिंड्रोमही येतात. एकाच माणसात यातल्या दोन-तीन गोष्टी असणं नेहमीचं आहे. डिस्लेक्सियात अक्षरं उलटी दिसतात हा जुना गैरसमज. डोळ्यांचा त्यात दोष नसतो, भाषेतले ध्वनी आणि कागदावरची अक्षरं यांची सांगड मेंदू सहजी घालत नाही, म्हणून वाचनाला कष्ट पडतात. एडीएचडीत लक्ष नसतं असं म्हणणंही अर्धवट. लक्ष असतं, कधीकधी चार-चार तास तहानभूक विसरण्याइतकं असतं. ते हवं तिथे लावणं आणि नको तिथून काढणं हाताबाहेर राहतं, शिवाय वेळ किती गेला याचा अंदाज चुकतो. ऑटिस्टिक माणसाला आवाज, प्रकाश, वास, स्पर्श कमी-जास्त तीव्रतेनं जाणवतात, न बोललेले संकेत वाचणं जड जातं आणि अचानक बदललेला बेत त्रास देतो.

अशी माणसं असतात तरी किती? भारतातल्या पाच ठिकाणच्या मुलांची पाहणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एक ठिकाण उत्तर गोवा होतं. सहा ते नऊ वयोगटातल्या १३.६ टक्के मुलांमध्ये मज्जासंस्थेच्या वाढीशी निगडित नऊ विकारांपैकी निदान एक आढळला. या नवांत श्रवणदोष, दृष्टिदोष, अपस्मार हेही होते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या विषयाला लावता येत नाही. तरी एवढं कळतं की प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात, आणि जी वर्गात होती ती पुढे ऑफिसात असणारच. जुन्या कचेऱ्यांतही ती होती. कुणाला धांदरट म्हणायचे, कुणाला माणूसघाणा, कुणाला तिरसट. दप्तरखान्यातला तो एक कारकून चहाला कधी कुणाबरोबर गेला नाही, पण वीस वर्षांपूर्वीच्या फाइलचा नंबर तोंडपाठ सांगायचा. त्याला काही होतं की नव्हतं हे आता ठरवण्यात अर्थ नाही. त्याला एक कोपरा, एक ठरलेलं काम आणि दारामागची शांतता मिळाली होती, हे मात्र खरं. आजच्या ऑफिसांनी नेमक्या याच तीन गोष्टी काढून घेतल्या आहेत.

पण आत बसायच्या आधी आत शिरावं लागतं, आणि सगळ्यात जास्त माणसं गळतात ती दारातच. ब्रिटनमध्ये माजी मंत्री रॉबर्ट बकलँड यांनी ऑटिस्टिक लोकांच्या रोजगाराचा आढावा घेतला, तो अहवाल फेब्रुवारी २०२४मध्ये आला. काम करण्याच्या वयातल्या दर दहा ऑटिस्टिक व्यक्तींपैकी जेमतेम तिघांना तिथे नोकरी होती. सोयी, कायदे, संस्था यांची चणचण नसलेल्या देशातली ही गत.

याचं मोठं कारण मुलाखत. ‘तुमच्याबद्दल काही सांगा’ हा आपल्याकडचा ठरलेला पहिला प्रश्न घ्या. ज्याला न बोललेले संकेत कळतात तो ओळखतो की इथे दीड मिनिटात नोकरीशी संबंधित चार गोष्टी आत्मविश्वासानं सांगायच्या आहेत. ज्याला ते कळत नाहीत, तो मनात विचारतो, कुठून सुरू करू? गावापासून? शाळेपासून? या गोंधळात काही क्षण जातात, नजर टेबलाकडे वळते आणि समोरचे तिघं एकमेकांकडे बघतात. झालं!

हे नुसतं वाटणं नाही. नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या माणसांच्या बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे त्यांनी अनोळखी प्रेक्षकांना दाखवले. तेवढ्या वेळात प्रेक्षकांचं मत ऑटिस्टिक माणसांविषयी प्रतिकूल झालं. मग तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे माणूस काय बोलला यात खोट नव्हती. आवाजाची पट्टी, हातवारे, नजर यांवरून लोकांनी निकाल लावून टाकला होता. आता विचार करा, हिशेब तपासायला माणूस हवा असेल तर त्याच्या नजरेचा आणि ताळेबंदाचा काय संबंध?

डेन्मार्कमधल्या थॉर्किल सोने यांनी या अडथळ्याला सरळ वळसा घातला. त्यांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं होतं. २००४मध्ये त्यांनी दूरसंचार क्षेत्रातली नोकरी सोडून स्पेशलिस्टर्ना नावाची कंपनी काढली, आणि उमेदवाराला प्रश्न विचारत बसण्याऐवजी लेगोचे यंत्रमानव जोडायला दिले. माणूस अडचण कशी फोडतो, चुकलं तर काय करतो, थांबतो कधी, हे बघायचं. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३मध्ये याच संस्थेशी हातमिळवणी केली. त्याआधीच्या चाचणीत बंगळुरूच्या केंद्रात सहा ऑटिस्टिक तरुणांना सॉफ्टवेअर तपासायला घेतलं होतं. जगभर गाजलेल्या या उपक्रमाची सुरुवात आपल्या शेजारच्या राज्यात झाली, हे आपल्याकडच्या एचआर परिषदांमध्ये क्वचितच ऐकू येतं. २०२०पर्यंत एक टक्का कर्मचारी ऑटिस्टिक असावेत असं ध्येय एसएपीनं जाहीर केलं होतं, तिथवर मात्र ती पोचली नाही.

एवढा खटाटोप प्रत्येक कंपनीला जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात केटी मारस यांनी फक्त प्रश्नांची रचना बदलून पाहिली. ‘टीममध्ये काम करण्याविषयी सांगा’ असं मोघम न विचारता ‘दोन सहकाऱ्यांचं पटत नव्हतं असा एखादा प्रसंग आठवा. नेमकं काय झालं, तुम्ही काय केलंत आणि शेवट काय झाला ते सांगा’ अशा धर्तीवर. ऑटिस्टिक उमेदवारांची उत्तरं सुधारलीच, पण इतरांचीही सुधारली. जॉन लुईस या ब्रिटिश दुकानसाखळीनं २०२४मध्ये आपले मुलाखतीचे प्रश्न सरळ संकेतस्थळावर टाकून दिले, कुणीही आधी वाचावेत म्हणून. आपल्याकडे हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया येते, ‘मग परीक्षा कसली?’ पण ज्या नोकरीत माणसाला रोज आयत्या वेळी अनोळखी तिघांसमोर उत्तरं द्यायची नाहीत, तिथे त्याच गोष्टीची परीक्षा घ्यायची कशाला? थोडं प्रत्यक्ष काम करायला देणं ही मोघम गप्पांपेक्षा कितीतरी भरवशाची पद्धत आहे, हे भरतीशास्त्रात जुनं झालेलं सत्य आहे.

नोकरी लागली. आता रोजचं काम, आणि रोजच्या कामातला सगळ्यात मोठा काच म्हणजे आपली सूचना द्यायची तऱ्हा.

‘अरे, ते रिपोर्टचं जरा बघून घे ना. लवकर हवंय.’

कुठला रिपोर्ट? बघून म्हणजे नुसता वाचून की दुरुस्त करून? लवकर म्हणजे जेवणाआधी की शुक्रवारपर्यंत? आपल्याकडे अर्धवट सोडलेल्या सूचनेला आपलेपणा मानतात. पूर्ण सांगितलं तर समोरच्याला कमी लेखल्यासारखं वाटेल, अशी एक भिडस्त समजूत आहे. शिवाय साहेबांना उलटून विचारणं म्हणजे आगाऊपणा. या दोन्हींच्या मध्ये ऑटिस्टिक कर्मचारी अडकतो. तो विचारत नाही, अंदाज बांधतो, अंदाज चुकतो आणि अप्रेझलमध्ये ‘पुढाकार घेत नाही’ असा शेरा बसतो. एडीएचडी असलेल्याचं वेगळंच. त्याला तोंडी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी तिसरी दाराबाहेर पडेपर्यंत गळून जाते.

उपाय अगदी साधा आहे. ‘उद्या दुपारी तीनपर्यंत तिसऱ्या तक्त्यातले मार्चचे आकडे मूळ बिलांशी ताडून दे. फरक दिसला तर पिवळा रंग कर, दुरुस्त करू नकोस.’ एवढं लिहून पाठवायला साहेबांना एक मिनिट लागतं. एडीएचडीवाल्याला महिनाअखेरची एकच मोठी मुदत देण्याऐवजी दर तीन दिवसांची छोटी मुदत द्यावी, आणि ती पाळली की नाही हे न ओरडता विचारावं. डिस्लेक्सिया असेल तर लांबलचक मेलऐवजी दोन मिनिटांचा आवाजी निरोप चालतो, मजकूर वाचून दाखवणारी सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. मीटिंगची विषयपत्रिका आदल्या दिवशी द्यावी. बैठकीत सगळ्यांदेखत ‘हं, तुझं काय मत?’ असं एकदम अंगावर न टाकता नंतर लिहून कळवायची मुभा ठेवावी. यातली एकही गोष्ट जगावेगळी नाही, चांगले साहेब हे पूर्वीपासून करत आले आहेत.

या अडचणीचं खापर आपण सवयीनं एकाच बाजूवर फोडतो. ‘त्याला संवाद साधता येत नाही.’ समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२मध्ये मांडलं की न कळणं दुहेरी असतं. इतरांनाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही, फक्त त्याला कुणी दोष म्हणत नाही. एडिनबर्गच्या संशोधकांनी २०२०मध्ये हे कानगोष्टींच्या खेळानं तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि एक गोष्ट पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पोचवायला सांगितली. काही साखळ्या केवळ ऑटिस्टिक लोकांच्या, काही केवळ इतरांच्या, काही मिश्र. ऑटिस्टिक साखळीनं इतरांइतकाच मजकूर पोचवला. गळती झाली ती मिश्र साखळीत. म्हणून ‘कम्युनिकेशन स्किल्स’चं शिबिर फक्त त्या एका कर्मचाऱ्याला भरायला लावण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या टीमलाही बसवा.

आता जागेविषयी. मोकळं, भिंती नसलेलं ऑफिस जागेचं भाडं वाचवतं, एवढी एक गोष्ट सोडली तर मला त्याच्या बाजूनं बोलावंसं काही सापडत नाही. शेजारचा फोनवर, पलीकडे प्रिंटर, वर एसीची घरघर, समोरून डब्यातल्या सुकटीचा वास. बहुतेकांचा मेंदू हे सगळं पार्श्वभूमीत ढकलतो, काहींचा ढकलत नाही. ज्यांच्या ऑफिसात अजून चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइट आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, पण काहींना त्यानं संध्याकाळपर्यंत डोकेदुखी जडते आणि का ते सांगता येत नाही. दिवा बदला, खुर्ची भिंतीकडच्या कोपऱ्यात हलवा, हेडफोन लावू द्या, तासाभरासाठी एक लहान खोली मोकळी ठेवा. काम होतं.

वाढदिवसाचं काय? केक कापायचा, तोही त्याच्या तोंडाला फासायचा, सगळ्यांनी टाळ्या पिटून गायचं आणि त्यानं हसत उभं राहायचं. कित्येकांना हा दिवस रजेवर काढावासा वाटतो. सक्तीच्या आनंदाला ‘टीम बॉन्डिंग’ म्हणायची पद्धत पडली आहे. तो ऐच्छिक करायला एक रुपयाही लागत नाही.

खर्चाचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. अमेरिकेतलं जॉब ॲकॉमोडेशन नेटवर्क गेली कित्येक वर्षं कंपन्यांना हेच विचारतं की अशा सोयींना किती खर्च आला. जवळपास निम्म्या सोयींना काहीही लागलं नाही असं कंपन्या सांगतात, आणि ज्यांना लागला तिथेही तो बहुधा एकदाच आणि काही शे डॉलरच्या घरात होता. आपल्याकडे खरी अडचण पैशाची नसून ‘त्याला हेडफोन, मग मला का नाही?’ या प्रश्नाची आहे. याचं उत्तर सोपं आहे: तुम्हालाही. जे सगळ्यांना देता येतं ते सगळ्यांना द्यावं, म्हणजे कुणाला प्रमाणपत्र दाखवत फिरावं लागत नाही.

कारण ‘मला हे आहे’ हे सांगणं सोपं नसतं. सांगावं तर बढती अडेल, लग्नाच्या बाजारात बातमी पोचेल. न सांगावं तर दिवसभर आपण इतरांसारखे आहोत असं दाखवत राहायचं, नजर मोजून मिळवायची, विनोदावर वेळेत हसायचं. हा अभिनय माणसाला इतका दमवतो की घरी आल्यावर बोलायलाही त्राण उरत नाही. सांगायचं की नाही हा निर्णय त्या कर्मचाऱ्याचाच. एचआरला सांगितलेली गोष्ट जेवणाच्या टेबलावर पोचली, की त्या ऑफिसात पुन्हा कुणी काही सांगत नाही.

एका कौतुकाबद्दलही तक्रार नोंदवायची आहे. इस्रायलच्या सैन्यात उपग्रहचित्रं तपासायला ऑटिस्टिक तरुण घेतात, ही बातमी आपल्याकडे चवीनं वाचली जाते. मग ‘ही माणसं म्हणजे जीनियस’ असा सूर लागतो. काही असतात. बरीचशी आपल्यासारखीच, कामापुरती हुशार असतात. काहींना बौद्धिक अक्षमताही असते आणि संगणकात रस नसतो. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टनं २०१८मध्ये कॅफे अर्पण सुरू केलं, तिथे विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी स्वयंपाकघर आणि टेबलं सांभाळतात. नोकरीचा हक्क अलौकिक बुद्धीच्या बदल्यात मिळायचा असेल, तर आपल्यातल्या किती जणांच्या नोकऱ्या टिकतील?

हक्क म्हटलं की कायदा आला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि ऑटिझम व विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आत आले. एडीएचडीचं नाव अजूनही यादीत नाही, ही मोठी उणीव आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून ठेवला आहे. सरकारी आस्थापनांनी कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवल्याच पाहिजेत असंही हा कायदा सांगतो. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मंजूर केला. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही, आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच आहे, असं न्यायालयानं बजावलं. तो निकाल परीक्षेविषयीचा होता, पण त्यातलं तत्त्व परीक्षागृहाच्या दारात थांबत नाही.

खाजगी कंपन्याही यातून सुटत नाहीत. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण तयार करून ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं आहे. २०१७च्या नियमांप्रमाणे, वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात निवडीची पद्धत, प्रशिक्षण, सहायक साधनं लिहायची आहेत आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा आहे. हे धोरण संकेतस्थळावर, नाहीतर ऑफिसात सहज दिसेल अशा जागी लावायचं आहे. महाराष्ट्राचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. उद्या ऑफिसात गेलात की तुमच्या कंपनीचं हे धोरण कुठे लावलं आहे आणि संपर्क अधिकारी कोण आहे, एवढं एचआरला विचारा. जमलं तर मेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल.